वेणूकाकूची करवंदी आणि भिजलेली मुंगी

एक होती मुंगी. एवढीश्शी! करवंदीच्या जाळीखाली तिचं घर होतं. घरात तिचं बाळ होतं.

करवंदी होती वेणूकाकूच्या बागेत. हिरवीगार, काटेरी. मूळची डोंगरावरची. तिला घोटभर पाणी पुरतं. पण वेणूकाकूला आग्रहाची भारी हौस! पाहुणा नको नको म्हणतो, काकू चौथी पोळी वाढते. करवंदीलाही तसंच. नळ सोडला, तो सोडलाच. खळखळ खळखळ!

पाणी मुंगीच्या घरात शिरलं. मुंगीने बाळाला पाठीवर घेतलं. पळत बाहेर आली.

बाळ रडायला लागलं. "आई, झोप आली. आता कुठे झोपू?"

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली नळाकडे.

"नळदादा, नळदादा, घरात पाणी शिरलं. तू बंद हो ना!"

"खळखळ! मी नाही जा. काकू फिरवेल, तर होईन."

तुरुतुरु तुरुतुरु. मुंगी आली काकूकडे. काकू करवंदीकडे पाठ करून मेथी निवडत होती.

"वेणूकाकू, वेणूकाकू, घरात पाणी शिरलं, नळ बंद होत नाही. तू नळ फिरव ना!"

"अगं, पिऊ दे तिला पोटभर! करवंदी पुरे म्हणेल, तर फिरवेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मुंगी आली करवंदीकडे. पाणी पिऊन पिऊन तिची पानं पिवळी पडली होती.

"करवंदीताई, करवंदीताई, घरात पाणी शिरलं, नळ बंद होत नाही, काकू नळ फिरवत नाही. तू पुरे म्हण ना!"

"हुश्श! किती वेळा म्हणू? काकू वळून बघते कुठे? काटा तिचा पदर धरेल, तर म्हणेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मुंगी आली काट्याकडे. काटा ताठ उभा.

"काटेराव, काटेराव, घरात पाणी शिरलं, नळ बंद होत नाही, काकू नळ फिरवत नाही, करवंदी पुरे म्हणत नाही. तू पदर धर ना!"

"छे! मी नाही कुणाच्या मागे लागत. वारा फांदी हलवेल, तर धरेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मुंगी आली वाऱ्याकडे. वारा कुंपणावर झोपला होता. घुर्र घुर्र!

"वारेबुवा, वारेबुवा, घरात पाणी शिरलं, नळ बंद होत नाही, काकू नळ फिरवत नाही, करवंदी पुरे म्हणत नाही, काटा पदर धरत नाही. तू फांदी हलव ना!"

"दुपारचं कोण उठतं? घुर्र!"

झालं! वारा पुन्हा झोपला.

मुंगीला आलं रडू. मग आला राग. तिने गाल फुगवले. इवले इवले गाल. आणि घातली फुंकर. फू!

वाऱ्याच्या नाकाला गुदगुल्या झाल्या.

"कोण गं तू? एवढीशी तू, आणि वाऱ्याला फुंकर घालतेस?"

वारा हसला. ही ही! हू हू! हसता हसता सुटला. सूं सूं!

वाऱ्याने फांदी हलवली. काट्याने पदर धरला. काकूने मागे पाहिलं. करवंदी म्हणाली, "पुरे, काकू, पुरे!"

"अगंबाई! पुरे? मग आधी सांगायचं की!"

काकूने नळ फिरवला. नळ बंद झाला. टप. टप. गप्प.

पाणी मुरलं. ऊन आलं. घर कोरडं झालं. बाळ लगेच झोपलं.

पुढे आला कडक उन्हाळा. गुलाबाने मान टाकली. मोगरा रुसला. करवंदी मात्र हिरवीगार! काकू रोज झारी घेऊन यायची. करवंदी मान हलवायची. "बरं बाई, नाही देत!" म्हणत काकू मोगऱ्याकडे जायची.

करवंदीला करवंदं लागली. काळी काळी, गोड गोड. त्यातलं एक पडलं थेट मुंगीच्या दारात. टपाक्! मुंगीने खाल्लं. बाळाने खाल्लं. दोघांची तोंडं जांभळी झाली.

पोट भरलं, बाळ निजलं घरी,
आपली गोष्ट झाली पुरी.