झुबकूचे पिसांचे मोजे

एक होतं पिल्लू. मुठीत मावेल एवढं. त्याचं नाव झुबकू.

झुबकूची आई बुटकी कोंबडी. गोल गोल, गुबगुबीत. तिच्या पायांवर पिसं. अगदी बोटांपर्यंत पिसं. जणू पायात मोजेच. झुबकूच्याही पायांवर पिसं. इवले इवले मोजे.

अंगणात आणखी एक कोंबडी होती. लांब पायांची, म्हणून तिचं नाव लांबी. तिचे पाय उघडे. तिच्या पिल्लांचेही पाय उघडे. म्हणून ओळखणं सोपं. मोजे असले तर बुटकीचं पिल्लू. मोजे नसले तर लांबीचं पिल्लू.

एकदा काय झालं? झुबकू गेला मोरीपाशी. टुणुक टुणुक. मोरीपाशी होता चिखल. झुबकू चिखलात. पचाक.

मोजे गेले चिखलात. पायांचे झाले मातीचे गोळे. झुबकू निघाला आईकडे. थपक थपक. थपक थपक.

"आई, आई, पंखात घे.
मला वाजते थंडी, चीं चीं."

बुटक्या कोंबडीने मान वाकडी केली. पाय बघितले. इकडून बघितले, तिकडून बघितले.

"तुझे मोजे कुठे आहेत? तू तर लांबीचं पिल्लू. मोजे दाखव, मग पंखात घेते."

झुबकू गेला अनसाकाकूकडे. थपक थपक. अनसाकाकूच्याच या कोंबड्या. ती ओट्यावर पीठ चाळत होती.

"काकू, काकू, पाय धू ना.
आई पंखात घेईना,
मला वाजते थंडी, चीं चीं."

काकू म्हणाली, "धुते की. पण गार पाण्याने नाही हं, बाळा. पिसांचे पाय गार पाण्यात भिजले, की पिल्लू गारठतं. कोमट पाणी हवं. चूल पेटू दे, मग पाय धुते."

झुबकू गेला चुलीकडे. थपक थपक.

"चूलबाई, चूलबाई, पेट ना.
काकू पाय धुईना,
आई पंखात घेईना,
मला वाजते थंडी, चीं चीं."

चूल म्हणाली, "पेटू कशाने? माझ्या पोटात नुसती राख. गोवरी येऊ दे, मग पेटते."

झुबकू गेला परसात. थपक थपक. परसात गोवऱ्यांची चळत. सगळ्यात वर एक गोल, वाळकी गोवरी.

"गोवरीताई, गोवरीताई, ये ना.
चूल पेटेना,
काकू पाय धुईना,
आई पंखात घेईना,
मला वाजते थंडी, चीं चीं."

गोवरी म्हणाली, "येऊ कशी? माझ्यावर मांजर झोपलंय. ऐक, घुर्र घुर्र. मांजर उतरू दे, मग येते."

झुबकूने मान वर केली. खूप वर.

"माऊताई, माऊताई, उतर ना.
गोवरी येईना,
चूल पेटेना,
काकू पाय धुईना,
आई पंखात घेईना,
मला वाजते थंडी, चीं चीं."

मांजराने एकच डोळा उघडला. "मी नाही बाई उतरणार. खाली बघ कोण बसलंय. कुत्रा उठू दे, मग उतरते."

खाली होता कुत्रा. केवढा मोठा. आता जरा हळू जायचं हं. थपक... थपक...

"कुत्रेदादा, कुत्रेदादा, ऊठ ना.
मांजर उतरेना,
गोवरी येईना,
चूल पेटेना,
काकू पाय धुईना,
आई पंखात घेईना,
मला वाजते थंडी, चीं चीं."

कुत्र्याने केला मोठ्ठा आ. झुबकू दचकला. पण ती तर नुसती जांभई.

कुत्रा म्हणाला, "भूक लागलीय रे. उपाशी पोटी मी हलत नाही. काकूची भाकरी येऊ दे, मग उठतो."

झुबकू परत काकूकडे. थपक थपक. पाय दुखले बिचाऱ्याचे.

"काकू, काकू, भाकरी दे ना.
कुत्रा उठेना,
मांजर उतरेना,
गोवरी येईना,
चूल पेटेना,
तू पाय धुईनास,
आई पंखात घेईना,
मला वाजते थंडी, चीं चीं."

काकू म्हणाली, "भाकरी कुठली देऊ, राजा? पीठ आहे. तवा आहे. चूलच पेटली नाही."

आता? आता जायचं कुठे? झुबकू परत कुत्र्याकडे गेला. त्याच्या पुढ्यात बसला. अंग थरथर, थरथर.

"भाकरी होईना," झुबकू म्हणाला.

"का होईना?"

"चूल पेटेना."

"चूल का पेटेना?"

"गोवरी येईना."

"गोवरी का येईना?"

"मांजर उतरेना."

"आणि मांजर का उतरेना?"

"तू उठेनास."

कुत्र्याने कान खाजवला. खर्र खर्र. मग दुसरा कान खाजवला.

"म्हणजे माझी भाकरी मीच अडवून बसलोय?"

"हो," झुबकू म्हणाला. "चीं चीं."

"मग आधी सांगायचं नाही का, शहाण्या?"

आणि कुत्रा उठला. अंग झाडलं. फडफड फडफड. गेला फाटकाकडे.

कुत्रा उठला, मांजर उतरलं. धप्प.
मांजर उतरलं, गोवरी आली. गडगड गडगड.
गोवरी आली, चूल पेटली. भक्क.
चूल पेटली, पाणी तापलं. सूं सूं.
पाणी तापलं, काकूने पाय धुतले. चुबुक चुबुक.

हळूच धुतले. एकेक पीस सोडवून धुतले. मग मऊ फडक्याने टिपले. झुबकूला चुलीजवळ कोरड्या भुशात ठेवलं.

"पिसांच्या पायांना ओल नको," काकू म्हणाली. "बस इथे. वाळलास की जा."

झुबकू बसला. काकूने भाकरी थापली. थाप थाप थाप. पहिली भाकरी कुत्र्याला. गरम होती. फू फू करून खाल्ली.

तोवर पिसं वाळली. वाळली आणि फुलली. झुबकू निघाला आईकडे. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

"आई, आई, मोजे बघ."

बुटक्या कोंबडीने मान वाकडी केली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"अगं बाई, हे तर माझंच. आणि मी मेली लांबीकडे धाडत होते. ये रे माझ्या बाळा, ये."

तिने पंख उचलला. झुबकू आत. आत अंधार, आत ऊब, आत सगळी भावंडं.

"सरक ना."

"तूच सरक."

"झुबकू, पाय हलवू नकोस. गुदगुल्या होतात."

झुबकूने पाय हलवले नाहीत. तो झोपला होता.