ओढणीची गाठ

“दुवा कमी पडते का, बाबा? यंदा वेलींना एक फूल नाही.”

विचारणारे जयसिंगराव भोईटे. पॉलीहाऊसात पॅशनफ्रूटच्या वेली लावणारे आमच्या भागातले पहिले. वेल कशी छाटावी हे तेच लोकांना शिकवायचे. शिकवताना आवाज जरा चढाच असायचा.

इनायतबाबा टेकडीवरच्या तकियात राहणारे म्हातारे फकीर. ते एवढंच म्हणाले, “चल, बघू.”

पॉलीहाऊसात उकाडा. तारांवर वेलींचं रान माजलेलं. वर हिरवं, खाली सगळा वाळका पाला.

“फळ कुठं धरतं रे?”

“नव्या फांदीला.”

“अन् जुनी?”

“छाटायची. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, बाबा.”

“मग?”



बाबांनी पानं बाजूला सारली. फांदी तारेला बांधलेली होती, पिवळ्या ओढणीच्या चिंधीनं. पुढं दुसरी चिंधी. तिच्यापुढं तिसरी…

“मंजिरीनं बांधल्यात,” जयसिंगराव म्हणाले. “माझ्या लेकीनं. स्वतःची ओढणी फाडून. तापात गेली ती, तीन वर्षं झाली… कात्री लावू कशी?”

बाबांनी चिंधीखाली बोट घालून पाहिलं. जाईना. सालीत रुतली होती.

“बांधली तेव्हा फांदी केवढी होती?”

“काडीएवढी.”

“अन् पोरगी?”

“सोळाची.”

“आज केवढी?”

“सोळाचीच की…”

म्हणून गेले, आणि तसेच उभे राहिले.

कात्री खांबाला टांगलेली होती, तिच्याकडं बाबांनी पाहिलंसुद्धा नाही.

जयसिंगरावांनीच ती काढली. गंजली होती. दोन्ही हातांनी दाबावी लागली.

फांदी खाली आली, चिंधीसकट.

जयसिंगराव वेलीच्या बुंध्याशी मटकन बसले. फांदी मांडीवर घेतली. लेकीच्या मयतीला लोकांना पाणी विचारत फिरलेला तो माणूस, आज ओणवा होऊन हुंदके द्यायला लागला.

“माफ करा, बाबा… तुमच्यासमोर असं…”

“रड, बापा. पोटभर रड,” बाबा म्हणाले. “फक्त बुंध्यापासून जरा सरक. खारं पाणी वेलीला सोसत नाही.”