तिघांनी सांगितलेलं घराणं

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा नदीवर पूल नव्हता आणि माणसांना चालायचा कंटाळाही नव्हता.

नदीकाठच्या एका गावात एक दोर वळणारा राहायचा. लहानपणी तो महापुरात वाहत आला होता. एका म्हातारीने त्याला वाढवलं आणि एके दिवशी तीही गेली. मग घरात तो आणि त्याचा अंबाडीचा वाख, एवढेच उरले.

त्या मुलखात एक रीत होती. पितरांच्या दिवशी एकेक घराणं घाटावर ओळीने बसायचं, वाडवडिलांची नावं घ्यायचं आणि तिथेच जेवायचं. दोरवाल्याला ओळच नव्हती. तो दार लावून कालचा भात खायचा. घाटावरचं हसणं मात्र दाराला जुमानायचं नाही. त्याला एकच हवं होतं, आपल्या माणसांत बसायला मिळावं.

एकदा लोहार म्हणाला, "अरे, तू तर टेकडीवरच्या घराण्यातला. ठाऊक नाही तुला?"

दोरवाल्याच्या हातातला दोर सुटला. त्याने गुरवाला विचारलं. गुरव म्हणाला, "हो, टेकडीवरचाच की तू!" नावाडीही तेच म्हणाला. तिघंही भले, तिघंही एकच सांगतात, आणखी काय हवं? तो धावतच टेकडीवर गेला.

त्याचं ऐकून तिथल्या थोरल्या आजीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाळा, पुराचं पाणी इथवर कधी चढलं नाही. आमचं मूल वाहून गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. त्या तिघांना हे कुणी सांगितलं?"

"तिघं मिळून खोटं कशाला बोलतील, आजी?"

खरं तर आजीचा प्रश्न त्यालाही टोचला होता. पण विचारायला गेलो आणि हाती आलेली ओळ निसटली तर? त्याने विचारलंच नाही. आजीला त्याची दया आली, तिने पितरांच्या दिवशी घाटावर आपल्या ओळीत त्याचं पान मांडायला लावलं.

पुढे बरीच वर्षं तो त्या ओळीत बसला, पाहुण्यासारखा. सगळे ज्या आजोबांच्या आठवणी काढून हसायचे, त्यांचा चेहरा काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढे येईना. जेवून तो एकटाच घरी परतायचा.

एके दिवशी नावाडी त्याला बोलता बोलता म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यात एक बाई आली होती. पुरात वाहून गेलेल्या भावाला गावोगाव शोधत होती बिचारी. त्याच्या उजव्या कानामागे भाजल्याचा डाग आहे म्हणे. मी म्हटलं, बाई, एक जण होता वाहून आलेला, पण त्याची माणसं सापडली."

दोरवाल्याचा हात मुंडाशाखाली गेला. कानामागचा खडबडीत डाग बोटांना लागला.

"मी टेकडीवरचा, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"एका भाटाने. नावेत बसला होता, बोलला जाता जाता."

तो लोहाराकडे धावला, गुरवाकडे धावला. दोघांनाही त्याच भाटाने सांगितलं होतं. भाट पुढच्या बाजारात भेटला. "तुझं नाक त्यांच्या वळणाचं वाटलं, म्हणून बोललो," तो म्हणाला. "मी कुठे शपथ घेतली होती?"

दोरवाला पुन्हा नावाड्याकडे आला. "ती बाई कुठल्या गावची?"

"ते नाही रे विचारलं. भाऊ इथे नाही म्हटल्यावर काठावर बसून रडली आणि गेली."

ज्या आपल्या माणसांसाठी दोरवाला जन्मभर झुरला, त्यांतलीच त्याची बहीण दारावरून परत गेली होती.

पुढच्या पितरांच्या दिवशी तो टेकडीवरच्यांच्या ओळीत बसला नाही. नदीच्या काठाकाठाने तो गावोगाव चालत राहिला. कुणी म्हणायचं, "अशी बाई वरच्या गावी असते म्हणे." आणि तो हात जोडून विचारायचा, "तुम्ही स्वतः पाहिलंत, की कुणाकडून ऐकलंत?" केस पिकेपर्यंत त्याने विचारलं. बहीण त्याला भेटली नाही.

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, एखादी गोष्ट किती जण सांगतात ते मोजत बसू नये. प्रत्येकाला ती कुठून कळली ते विचारावं, आणि जी ऐकून आपल्याला फार बरं वाटतं, तिच्याबद्दल तर आधी विचारावं.