वाढोबावर 'आलंच' का म्हणत नाहीत

बसा मंडळी, सॅका उतरवा. पाणी प्या, पण घोटघोट, एकदम बाटली रिकामी करू नका. हा वाढोबाचा पाचवा टप्पा. इथून खाली पाहिलंत तर चढून आलेले कडे एकाखाली एक उतरत गेलेले दिसतील, आणि मान वर केलीत तर आणखी दोन. सगळे मिळून सात. कॉलेजची मुलं अभ्यासाला येतात तेव्हा त्यांचे सर सांगतात, की लाखो वर्षांपूर्वी इथे जमीन फाटली, लाव्हा वाहिला, थरावर थर बसले आणि त्या थरांचेच हे टप्पे झाले. सर शिकलेले आहेत, खरंच सांगत असतील. पण खालचे तीन टप्पे ऐसपैस आणि झाडीने भरलेले, अन् वरचे चार असे अरुंद आणि उभे का, हे आमच्या वाडीत वेगळ्या तऱ्हेने सांगतात.

मघाशी या दाढीवाल्या साहेबांनी मागे राहिलेल्या ताईंना 'चला, आलंच आता' म्हटलं आणि मी ताईंची सॅक साहेबांच्या पाठीवर चढवली. साहेब तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. पण तो माझा लहरीपणा नव्हे. वाढोबावर जो कोणी 'आलंच' म्हणेल त्याने ऐकणाऱ्याचं ओझं माथ्यापर्यंत न्यायचं, ही इथली रीत आहे. मागे एक मोठे अधिकारी आले होते, त्यांनी तर दोन सॅका वाहिल्या, आणि वर पोचल्यावर माझा फोटोही काढला. वाटाड्याने मात्र तो शब्द उच्चारायचाच नाही. अभयारण्याच्या फाटकाशी कोणी नवा गडी वाटाड्या म्हणून उभा राहिला, की आम्ही म्हातारे त्याला आधी हे सांगतो आणि साप-विंचवाचं नंतर.

फार जुनी गोष्ट. तेव्हा म्हणे या डोंगराला वाढोबा म्हणत नव्हते आणि त्याला तीनच टप्पे होते. कोकणातून घाटावर जायची वाट यावरूनच होती. खाली पायथ्याला आमची वाडी, वर माथ्याच्या पलीकडे वरची वाडी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट दाखवायला आमच्यातला एक गडी, बुधा त्याचं नाव.

बुधा मनाचा फार चांगला होता असं सांगतात. दुसऱ्याचं उतरलेलं तोंड त्याला बघवत नसे. कोणी दमून 'किती राहिलं' असं विचारलं, की हा हसून म्हणायचा, 'हे काय, आलंच. एवढा चढ संपला की माथा.' माणूस पुन्हा चार पावलं टाकायचा. पुढे पुन्हा विचारलं, की पुन्हा तेच. यात काही वाईट आहे असं त्याला कधी वाटलंच नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नसतं. अशा गोड बोलण्यावर म्हणे त्याने शेकडो माणसं वर पोचवली होती.

एके दिवशी पहाटे ठमाबाई नावाची एक म्हातारी त्याच्याकडे आली. पार खाडीकाठच्या गावाहून रात्रभर चालत आली होती. वरच्या वाडीत तिची लेक दिली होती, नवशी. नवस करून झालेली, एकुलती एक. तिचं पहिलं बाळंतपण, आणि ती अडली होती. वरून निरोप आला होता, की पोर दुसरं काही बोलत नाही, आईला बोलवा एवढंच म्हणते. म्हातारीच्या काखेत एक गाठोडं होतं. त्यात सुंठ, डिंक आणि जुन्या लुगड्याची मऊ फडकी. कमरेला पाण्याचा तुंबा आणि दोन भाकऱ्या.

तिने पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं आणि विचारलं, "किती चढ हाय रं बाबा? माझे पाय आता पयल्यासारखे न्हाईत. मला तसं बळ राखून चालायला लागंल."

बुधाने तिचं तोंड पाहिलं. तीन टप्पे म्हटलं तर ही इथेच बसेल, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "एकच चढ हाय आजे. त्यो संपला की आलंच."

एकच चढ म्हटल्यावर म्हातारी बळ राखून कशाला चालेल? तिने सगळा जीव त्या पहिल्या चढात ओतला. भराभर चढली, मध्ये बसली नाही. टप्प्यावर पोचली तर समोर दुसरा कडा. बुधा म्हणाला, "ह्यो एवढाच, आजे. आता आलंच." दुसऱ्या टप्प्यावर तो झरा आहे ना, जिथे आपण बाटल्या भरून घेतल्या? तिथे ती थांबलीसुद्धा नाही. लेकीच्या घरीच पाणी पिईन म्हणाली. भाकरीचं फडकंही सोडलं नाही. तुंब्यात उरलं होतं ते पाणी तिने ओझं नको म्हणून तिथेच ओतून दिलं. तुम्ही डोंगर चढणारी माणसं आहात, या चुका तुम्हाला कळतील. पण त्या तिच्या नव्हत्या.

तिसरा टप्पा चढून दोघं वर आली. बुधाच्या हिशेबाने हा माथा. इथून पुढे सपाट पठार आणि वरच्या वाडीचा धूर दिसायला हवा. त्याने डोळे वर केले तर समोर चौथा कडा उभा. काळाकभिन्न, अरुंद, त्याने जन्मात न पाहिलेला. तो दोन पावलं मागे सरला. म्हातारीने धापा टाकत विचारलं, "आता किती रं?" आणि माणसाची सवय बघा, एवढा घाबरलेला असूनही त्याच्या तोंडून तेच बाहेर पडलं. "ह्यो बारका चढ तुला सांगायचा ऱ्हायला व्हता, आजे. आता आलंच." चौथ्यावर पोचली तर पाचवा. तिथेही त्याने तेच सांगितलं. इतकी वर्षं डोंगराने ऐकून घेतलं, त्या दिवशी मात्र तो खोटं बोलत गेला आणि डोंगर वाढत गेला, असं सांगतात.

या पाचव्या टप्प्यावर, इथेच कुठेतरी, म्हातारी बसली. बसली म्हणजे पायच गेले. ओठ सुकलेले, तुंबा रिकामा. दुपार कलायला लागली होती. तिने वर पाहिलं. वर दोन कडे होते. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "लेकरा, आता मला खरं सांग."

तेव्हा बुधा तिच्या पायाशी बसला आणि सगळं सांगून टाकलं. डोंगराला तीनच टप्पे होते. तो तिच्याशी चार वेळा खोटं बोलला आणि चार टप्पे वाढले. हे वरचे दोन त्यातलेच. "तुला बरं वाटावं म्हून बोललो, आजे," असं म्हणून तो रडायला लागला.

म्हातारी म्हणाली, "मला बरं वाटलं रं. पन माझं सारं बळ मी तुझ्या बोलण्यावर घालवलं. पयल्यांदीच तीन म्हनला असतास, तर मी झऱ्यावर बसले असते, भाकर खाल्ली असती, हळूहळू का होईना पोचले असते." मग तिने विचारलं, "हितनं वर जायला किती येळ?"

"माझ्या पावलांनी दोन घटका. तुझ्या पावलांनी आज न्हाई व्हनार."

त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं खरं उत्तर. म्हातारीने गाठोडं काढून त्याच्या हातात दिलं. "मग तू जा. तुझ्या पावलांनी जा. ती विचारंल, आई कुठाय म्हून. तिला खोटं सांगू नगंस."

बुधा धावत सुटला. हातापायांनी कडे चढला. वरच्या वाडीत पोचला तेव्हा नवशीच्या दारात बायकांची गर्दी होती. दोन दिवस झाले होते आणि सुईणीने हात टेकले होते. पोरीची नजर दारावरून हलत नव्हती. दर थोड्या वेळाने ती विचारायची, आई कुठवर आली, आणि सगळ्याजणी म्हणायच्या, आलीच गं, खिंडीत दिसली, आलीच आता. म्हणून पोर सगळं बळ आवळून धरून बसली होती. आई आल्याशिवाय मोकळं व्हायचं नाही, असं तिने जणू मनाशी ठरवलं होतं.

बुधा दारात उभा राहिला. नवशीने त्याच्या हातातलं गाठोडं ओळखलं. "आई कुठाय?" तिने विचारलं. बायकांनी त्याला डोळ्यांनी खुणावलं, की सांग, मागून येतेय. त्याच्या जिभेवर ते आलंही असेल. जन्माची सवय ती. पण तो म्हणाला, "तुझी आई पाचव्या टप्प्यावर बसलीय, ताई. तिचे पाय गेले. आज ती येत न्हाई. तिनं ह्ये तुझ्यासाठी दिलंय."

बायकांनी त्याला शिव्या घातल्या. नवशी मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. रडून झाल्यावर तिने दाराकडची मान फिरवली, सुईणीचा हात धरला आणि कळा द्यायला लागली. थोड्याच वेळात तिला मुलगी झाली. आजीने पाठवलेल्या फडक्यात तिला गुंडाळलं. सुईण म्हणे पुढे कितीतरी वर्षं सांगायची, की पोरीने वाट बघणं सोडलं तेव्हाच ती सुटली.

बुधाने पाण्याचा तुंबा भरून घेतला. चार माणसं घोंगडीची झोळी करून मागून निघाली. त्यांच्यासाठी तो थांबला नाही, एकटाच पुढे पळत खाली आला. ऊन अजून कड्यांवर होतं. म्हातारी या खडकाला पाठ लावून बसली होती, डोळे उघडे होते. तो लांबूनच ओरडला, "आजे, नात झाली तुला. नवशी धडधाकट हाय."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सकाळधरनं तू मला असंच सांगतोस रं."

मंडळी, हे ऐकून बुधाचं काय झालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे गोड आणि खरं असं दोन्ही सांगण्यासारखं होतं, आणि ऐकणारीला ते खरं वाटत नव्हतं. मागची माणसं यायला अवकाश होता. म्हातारीकडे तेवढा वेळ आहे की नाही, ते त्याला कळत नव्हतं. शपथ घ्यावी तर खोटं बोलणाऱ्याच्या शपथेला काय किंमत?

तो तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला. म्हणाला, "आजे, माझ्याकडं बघू नगं. डोंगराकडं बघ. मी खोटं बोललो की ह्यो वाढतो, ह्ये तू दिवसभर पाहिलंस. आता पुन्यांदा सांगतो. नवशीला पोरगी झाली. दोघी जित्या हायेत."

दोघांनी वर पाहिलं. सहावा कडा होता. त्याच्या वर सातवा. सातव्याच्या वर आभाळ. दोघं पाहत राहिली, आणि डोंगर जागचा हलला नाही.

मग म्हातारीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता पानी दे."

इथे खडकाशी बुधाने शब्द दिला, की यापुढे आपण आणि आपल्या वाडीतला कुठलाही वाटाड्या या डोंगरावर 'आलंच' म्हणणार नाही. किती राहिलं ते सांगायचं, ज्याच्या पावलांनी ज्याला जायचंय त्याचा वेळ सांगायचा, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.

आजही वाढोबाच्या पायथ्याला तुम्हाला आधी खाली बसवतात, सात टप्पे एकेक करून सांगतात, आणि मगच पहिलं पाऊल टाकू देतात. सकाळी ते ऐकून तुमच्यातले दोघं गाडीत जाऊन बसले. त्यांना आम्ही हसत नाही.

आता ताई विचारणार ते मला ठाऊक आहे. डोळ्यांतच दिसतंय. ती म्हातारी वर पोचली का? नातीला तिने मांडीवर घेतलं का? सगळे हेच विचारतात. कोणी सांगतात, झोळीतून तिला वर नेलं आणि ती पुढे बरीच वर्षं जगली. कोणी सांगतात, पाणी प्यायली आणि इथेच डोळे मिटले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून 'पोचली' म्हणायला माझीही जीभ वळवळते. नातवंडं असलेला माणूस आहे मी. पण ताई, मला माहीत नाही.

उठा आता. अजून दोन टप्पे आहेत, दोन्ही उभे आहेत, आणि तुमच्या पावलांनी दीड तास लागेल.