न्यूट्रलमधली थरथर

“मग आता बदलायचं काय उरलं?” निजाम उस्तादांनी विचारलं.

“गाडीच,” हेमकांत म्हणाला.

उस्ताद हसले नाहीत. शहाद्याच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं जुनं गॅरेज होतं. तिथंच हेमकांत बोरसे चार वर्षं काम शिकला. मग त्यानं नंदुरबारला स्वतःचं गॅरेज काढलं, तपासणीची यंत्रं आणली, नाव कमावलं. गेल्या सहा वर्षांत तो उस्तादांकडे एकदाही फिरकला नव्हता.

आज आला होता तो त्या जीपपायी.

जीप सव्वीस वर्षांची, इंजिनाची ओढ चारही चाकांना मिळणारी. सातपुड्यातल्या एका लहानशा दवाखान्याची. नाल्यातून, दगडगोट्यांतून पाड्यावर चढणारी तेवढी एकच गाडी होती. पण पन्नासच्या पुढे वेग गेला की ती अशी थरथरे, की दारं वाजत आणि पायाखालचा पत्रा गुदगुल्या करी. महिन्यापूर्वी एका बाळंतिणीला दवाखान्यात नेताना ती बाई इतकी घाबरली, की वाटेतच उतरली. उरलेली वाट तिला झोळीतून न्यावं लागलं. बाई वाचली, बाळही वाचलं. पण त्यानंतर पाड्यावरचं कुणी त्या गाडीत बसेना. सोमवारी जीप भंगारात जायची होती.

दवाखान्याच्या जमुना सिस्टर सोबत आल्या होत्या. रात्रपाळी करून आलेल्या त्या मागच्या सीटवरून खाली उतरल्याच नव्हत्या.

हेमकांतनं काय काय केलं ते सांगितलं. टायर नवे, चाकांचं बॅलन्सिंग तीनदा, इंजिनाचे रबर, क्लचप्लेट, स्टिअरिंगचे सांधे... सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला. कुणीतरी आपल्यावर आरोप केल्यासारखा.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.

“चालव.”

गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर जीप साठला पोचली. थरथर सुरू झाली. मागे सिस्टरांनी दांडा घट्ट धरला.

“न्यूट्रल कर.”

हेमकांतनं गिअर काढला. इंजिन मंद झालं, गाडी आपल्या वेगानं धावत राहिली.

थरथरही तशीच राहिली...

जीप हळूहळू मंदावली, तशी थरथर ओसरली. इंजिनाचा काही दोष नव्हता, क्लचचाही नव्हता. जे नुसतं चाकांबरोबर फिरत होतं, त्यातच काहीतरी होतं. हेमकांतला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला थांबून बघायला सुचलं नव्हतं.

गॅरेजवर परतल्यावर उस्तादांनी पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ पोचवणारा लोखंडी शाफ्ट उतरवायला सांगितला. हेमकांतनं तो उतरवला. पुन्हा रस्त्यावर गेले. थरथर होतीच. म्हणजे मागचा शाफ्ट.

“हे कधीपासून?” उस्तादांनी विचारलं.

“होळीनंतर.”

“होळीच्या आधी तू काय उघडलं होतंस?”

हेमकांत म्हणाला, “मागच्या शाफ्टचे क्रॉस बदलले. पण ते काम नवं आहे, उस्ताद. मी स्वतः केलंय.”

“हं.”

“दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही त्याला.”

“हं...”

उस्तादांनी गोणपाट अंथरलं. स्वतः मात्र बाजूच्या स्टुलावर बसले.

“खाली जा. डोळे मीट. बोटांनी बघ.”

हेमकांत गाडीखाली सरकला. शाफ्टच्या प्रत्येक टोकाला दोन कान असतात, त्यांत क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा, बसतो. दोन्ही टोकांचे कान एका रेषेत असावे लागतात. एकाचे उभे, तर दुसऱ्याचेही उभे. त्यानं पुढच्या टोकाचे कान चाचपले. मग बोटं शाफ्टवरून सरकवत मागच्या टोकाला नेली.

पुढचे उभे होते. मागचे कलले होते.

त्यानं पुन्हा चाचपलं. मग डोळे उघडले, शाफ्टचे दोन तुकडे दात्यांनी एकमेकांत बसतात त्या मधल्या जोडावरचं ग्रीस अंगठ्यानं पुसलं. खाली दोन बाण कोरलेले होते. ते एकमेकांकडे तोंड करून असायला हवेत. दोन दात्यांचा फरक होता.

उघडण्याआधी खूण कर, ही इथली पहिल्या दिवसाची शिकवण. त्या दिवशी गॅरेजात चार गाड्या उभ्या होत्या आणि हेमकांतला घाई होती. गेले तीन महिने तो दुसऱ्यांच्या हातची कामं खोलत होता. एका कामाला त्यानं हात लावला नव्हता.

गाडीखालून त्याचा हात बाहेर आला, तेव्हा उस्तादांनी त्यात पाना ठेवला.

बाण समोरासमोर आणायला, दोन्ही शाफ्ट चढवायला तासभर लागला. ऊन कलत आलं होतं. तिघं पुन्हा रस्त्याला लागले.

चाळीस. पन्नास. हेमकांतचे खांदे आवळलेले. पंचावन्न... साठ.

काही नाही. नुसता वारा आणि टायरांचा आवाज.

त्यानं काटा पासष्टवर नेला. गिअर काढला, पुन्हा घातला. जीप दुधावरची साय सरकावी तशी चालली होती. त्याला एकदम हसू आलं, डोळेही भरून आले. झोळीची आता गरज नव्हती. सोमवारी गाडी भंगारात नाही, पाड्यावर जाणार होती.

त्यानं आरशात पाहिलं. जमुना सिस्टरांचा हात दांड्यावरून सुटून मांडीवर पडला होता. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. त्यांना गाढ झोप लागली होती.

हेमकांतनं वेग कमी केला.

“उस्ताद, यांना उठवतो. चूक माझी होती, हे यांना आत्ताच सांगायला हवं.”

उस्तादांनी मागे वळून सिस्टरांकडे पाहिलं. मग समोरच्या रस्त्याकडे...

“तिला उठवून तुला झोप लागणार असेल, तर उठव.”