विझवता न येणारा काकडा

एका पोटात एक गाव होतं.

पोटात गाव कसं मावेल, असं विचारणाऱ्यांनी आधी गाव केवढं होतं ते ऐकून घ्यावं. सुईच्या टोकावर अशी गावं दाटीवाटीनं बसली असती. शिकलेली माणसं अशा गावाला पेशी म्हणतात. आपण गावच म्हणू, कारण तिथं तट होता, राखणदार होता, कामकरी होते, आणि जिथं कामकरी असतात तिथं थोडी कुरकुरही असतेच. पोट होतं एका मुलीचं. आपल्या आतड्याच्या अस्तरात अशी कैक गावं नांदताहेत याची तिला गंधवार्ता नव्हती. तुम्हाला तरी कुठं होती?

गावाचा तट होता तेलातुपाचा. बाहेरचा निरोप्या त्यातून आत येऊ शकत नसे. म्हणून तटातच एक राखणदार उभा असे, अर्धा बाहेर आणि अर्धा आत. निरोप्यानं बाहेरून त्याच्या हातात हात दिला की तो आतल्या अंगानं वळे, आणि गावाला कळे की पाणी हवंय. मुलगी जेवली की अन्न भिजवायला आतड्याला थोडं पाणी लागतं, ते या गावानं सोडायचं. पाण्याचं दार पाटकऱ्याच्या ताब्यात होतं. शेताच्या पाटाला पाणी सोडतो तसाच हा पाटकरी, फक्त याचा पाट आतड्यात जाई.

राखणदाराचा निरोप पाटकऱ्याला पोचवायचं काम तिघा भावंडांकडे होतं.

त्यांच्या जन्माची गोष्ट गमतीची आहे. आधी आली मधली. ती भिंगरीसारखी गोल, पण आल्या आल्या तिला धड बसताही येईना. गावच्या सुईणीनं तिला सुपात धरून ठेवलं. मग धाकटी आली, काडीसारखी बारीक. तिला एकटीला ठेवलं असतं तर ती विरूनच गेली असती. सुईणीनं धाकटीला मधलीच्या अंगाशी लावलं, आणि धाकटीनं अशी मिठी मारली की मधली नीट बसली आणि धाकटी तगली. ती मिठी पुढं कधीच सुटली नाही. शेवटी आला थोरला. शेवटी येऊन थोरला कसा, तर अंगानं. तिघांत तोच दांडगा होता. सुईणीनं तुपाचे दोर लावून त्यांना तटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आणि सांगितलं, "तिघं हात धराल तर निरोप घ्याल. एकेकटं उभं राहाल तर राखणदाराकडं नुसतं बघत बसाल."

थोरल्याच्या हातात कायम एक काकडा, म्हणजे पिळलेल्या चिंधीची छोटी मशाल, असे. विसाव्याच्या वेळी तो दोन गाठींचा आणि विझलेला असे. राखणदार वळला की थोरला तो टाकून तीन गाठींचा नवा काकडा उचली. तो आपोआप पेटे. काकडा पेटला की थोरला बहिणींचे हात सोडून पाटकऱ्याकडं धावे, आणि बहिणी जोडीनं आपल्या वाटणीच्या दुसऱ्या कामाला लागत. पाटकरी उजेड पाही आणि दार उघडी.

आता गावाचा कायदा ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. ज्यानं काकडा पेटवला त्यानंच त्याची वरची गाठ आपल्या चिमटीनं तोडायची. तोवर पेटता काकडा हातातून सुटत नसे. गाठ तुटली की काकडा विझे, पाटकरी दार लावी, थोरला परत येई आणि तिघं पुन्हा हात धरत. दुसऱ्या कुणी फुंकर मारायची नाही, पाटकऱ्यानं आपली अक्कल चालवायची नाही.

थोरल्याला धावायला फार आवडे. विझवायला मात्र जिवावर येई. तो बहिणींना म्हणे, "काम कुठं रंगात येतंय तोच गाठ तोडायची. हे काय जिणं आहे?"

मधली म्हणे, "दादा, भाकरी तव्यावर टाकणं जेवढं काम, तेवढंच ती उतरवणंही काम."

"तुला काय कळतंय धावण्यातलं!" थोरला म्हणे. मधली आपल्या कामाकडं वळे. मोठ्या भावाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

एकदा ती मुलगी जत्रेला गेली. उन्हानं घसा कोरडा पडला, तेव्हा ती ओढ्याचं पाणी ओंजळीनं प्यायली. त्या पाण्यातून पटकी, म्हणजे कॉलरा, आली. पटकीनं आतड्यात तळ ठोकला आणि गावोगाव पालख्या धाडल्या. प्रत्येक पालखीला पाच भोई. भोयांनी तटावरच्या साखरेच्या नक्षीला हात घातले आणि पालखी अलगद आत उतरवली. पालखीतून एक पाहुणा निघाला. रेशमी बोलणं, हातात लाखेची वाटी.

त्यानं थोरल्याला बरोबर हेरलं. "अरे, तुझ्यासारखा मशालजी मी पाहिला नाही! आणि हे लोक तुलाच विझवायला लावतात? माझ्याकडं एक टिळा आहे. तो लावलास की तुझा काकडा कधीच विझणार नाही."

"खरंच?" थोरल्यानं विचारलं.

"बोटं पुढं कर. चिमटीचीच."

कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की खाली पाहायचं भान राहत नाही. थोरल्यानं बोटं पुढं केली. पाहुण्यानं त्यावर लाखेचा थेंब सोडला आणि तो पुढच्या कामाला निघून गेला.

राखणदार वळला. थोरल्यानं काकडा उचलला, पेटवला, पाटकऱ्याकडं धावला. दार उघडलं. पाणी सुटलं. नेहमीची वेळ झाली आणि सवयीनं त्यानं चिमूट जुळवली.

चिमूट जुळेना. लाख दगडासारखी कडक झाली होती.

आधी त्याला बरंच वाटलं. काकडा ढणढण जळतोय, पाणी धो धो वाहतंय, अशी शोभा गावानं कधी पाहिली नव्हती. मग गावच्या तळ्याची पातळी उतरू लागली आणि तट सुरकुतला. थोरल्याचा चेहरा पडला.

"पाटकरी, दार लाव," तो ओरडला.

"काकडा विझव, लावतो," पाटकरी म्हणाला.

"विझत नाहीये!"

"मग लागत नाही. मी उजेडाचा चाकर. आज तुझ्या सांगण्यावरून लावलं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून उघडीन. मग गाव कशावर चालायचं?"

पाटकऱ्याचं चुकलं असं मला वाटत नाही. राग मात्र येतो.

थोरला तटापाशी धावत आला. बहिणींनी सवयीनं हात पुढं केले, पण जळता काकडा हातात असताना त्याला त्यांचे हात धरता येईनात. धाकटी रडायला लागली. मधलीनं लाख दातांनी कुरतडून पाहिली, तटावर घासून पाहिली. लाख तसूभर हलली नाही.

शेजारच्या गावांतही हीच गत होती. तिथंही टिळे लागले होते, दारं उघडी होती. बाहेर ती मुलगी आडवी झाली होती. तिचे डोळे खोल गेले होते, ओठांना चिरा पडल्या होत्या. जुलाबाचं नुसतं पाणी चाललं होतं. आणखी काही वेळ असंच चाललं असतं तर मुलगी गेली असती, आणि तिच्याबरोबर सगळी गावं.

तेवढ्यात वरून थोडं पाणी आलं. खारट आणि गोडही. मिठाचा हात धरून साखर, साखरेचा हात धरून मीठ, दोघं जोडीनं एका वेगळ्याच दारातून गावात शिरली आणि त्यांच्यामागून पाणी आलं. त्या दारावर लाखेची मात्रा चालत नव्हती. मुलीची आई उशाशी बसून मीठसाखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत होती. मुलीला ओकारी झाली की आई तोंड पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची.

थोरला मटकन खाली बसला होता. "ती आई किती पाणी घालणार?" तो म्हणाला. "मी किती घालवतोय बघा. माझ्या हातानं गाव बुडालं."

मधली कडाडली. "वर बसलेल्या बाईला तुझ्या लाखेचं नावही ठाऊक नाही, तरी तिनं चमचा खाली ठेवला नाही. तू कसा खाली बसतोस? ऊठ!"

थोरला उठला. जळत्या काकड्याकडं त्यानं नीट पाहिलं. मग आपल्या बोटांकडं पाहिलं. मग म्हणाला, "मला दळणघरात जायचंय."

गावात एक दळणघर होतं. निकामी झालेले कामकरी तिथं जात. जात्यात त्यांचं पीठ होई आणि त्याच पिठातून सुईण नवे कामकरी घडवी. तिथून कुणी जसाच्या तसा परत येत नसे.

धाकटी म्हणाली, "दादा, नको रे. लाख कधीतरी सुटेल."

"सुटेलही," थोरला म्हणाला. "पण तोवर ती मुलगी असेल का? काकडा माझ्यापासून वेगळा होत नाही, तर मी काकड्यासकट जातो. पेटवताना कुणाला विचारलं नव्हतं. विझवतानाही कुणाची वाट बघणार नाही."

त्याला भीती वाटत होती. पण तो सरळ चालत गेला, एकदाही थांबला नाही. दळणघराच्या दारात त्यानं शेजारच्या गावांकडं तोंड करून हाक दिली, "टिळा लागलेल्यांनो, जात्याकडं चला! पलीकडं एक बाई चमचा भरतेय, तिला फार दमवू नका!" आणि तो आत गेला.

जातं फिरलं. उजेड नाहीसा झाला. पाटकऱ्यानं क्षणभर अंधाराकडं पाहिलं आणि सगळा जोर लावून दार ओढून घेतलं.

हाक ऐकून शेजारच्या गावातून एक जण निघाला. मग आणखी एक. काही गावं आधीच कोसळून आतड्यातून वाहून गेली होती, त्यांच्या जागी नवी उभी राहत होती. एकेक दार लागत गेलं. वरून आईचं पाणी येतच होतं, आणि आता ते आत टिकायलाही लागलं. मुलीनं डोळे उघडले आणि विचारलं, "आई, भाकरी आहे का?" आईनं तोंडाला पदर लावला. इतका वेळ तिनं रडू आवरलं होतं, ते आता आवरलं नाही.

इकडं सुईणीनं पीठ मळलं होतं. तिनं एक नवा थोरला घडवला, तुपाचा दोर लावला आणि तटापाशी आणून सोडला. त्याच्या हातात दोन गाठींचा विझलेला काकडा होता. बोटं स्वच्छ होती. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मिठीत बसलेल्या दोन बहिणींकडं तो बघत राहिला.

"इथं माझ्याआधी कोण होतं?" त्यानं विचारलं.

धाकटीनं मधलीला आणखी घट्ट धरलं. मधली म्हणाली, "आमचा दादा. त्याच्याच पिठाचा तू आहेस. राखणदार केव्हाही वळेल. हात दे."

नव्यानं हात दिला.

तात्पर्य: पेटवण्याची हौस सगळ्यांनाच असते, पण आपण पेटवलेलं आपल्या हातानं विझवण्याची ज्याची तयारी असते, त्याच्याच हाती काकडा द्यावा.