थोरलीचं गोठलेलं पाणी

एका राज्यात एक नदी होती. तिला सगळे थोरली म्हणत. भद्रसेन राजाच्या आजोबांच्या काळी पावसाळा सरला की काठची माणसं तिच्या वाळूत गोल करून बसत. भोई बसत, मेंढके बसत, शेवटच्या शेताची बाई बसे. बोटानं वाळूत पाट आखत, भांडत, पुसत, पुन्हा आखत. मग एकाच टोपलीतली भाकरी खाऊन उठत. काय दिवस होते ते!

भद्रसेनाला इतका धीर नव्हता. शंखपाद मांत्रिकानं त्याला सोन्याची कांडी दिली. कांडीनं रेघ ओढावी, तिथे भिंत उभी राहावी. राजानं महालात बसून नकाशावर एकच रेघ ओढली. थोरलीवर भिंत उभी राहिली, मागे तळं भरलं. राणी मृगावती तळ्याची ओटी भरायला पाण्यात उतरली, आणि सारं पाणी काच झालं. राणी कमरेपर्यंत काचेत अडकली.

भिंतीवर टिटवी बसली होती. ती म्हणाली, "राजा, ज्यांची नदी, त्यांना न विचारता तू ती कोंडलीस. हा थोरलीचा शाप आहे. काच रोज थोडी चढेल. त्यांची संमती आण. खोटी आणलीस तर काच झपाट्यानं चढेल."

राजानं दवंडी पिटवली. भालेकरी उभे केले. "भिंत मान्य असेल त्यानं हात वर करावा!" सगळ्यांनी हात वर केले. एका म्हाताऱ्यानं तर दोन्ही केले. काच राणीच्या छातीपर्यंत चढली.

राजानं चाळीस गावांचे पाटील महालात बोलावले, पंगत वाढली. पाटलांनी ढेकर दिले, अंगठे उठवले. "झकास भिंत आहे, महाराज!" काच खांद्यापर्यंत चढली.

"मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं," राणी म्हणाली. "माझं माहेर नदीकाठचं. माझे बाबा वाळूत बसायचे. आता स्वतः जा, आणि लवकर या."

राजा अनवाणी निघाला. शंखपाद मागोमाग आला. भिंतीखालच्या कोरड्या पात्रात शेवटच्या शेताची गोजाई प्यायच्या पाण्यासाठी झिरा उकरत होती.

"बाई, राणीचा जीव जातो आहे. संमती द्या."

"राजा, आधी बूड टेकव. उभ्या माणसाशी आम्ही पाण्याचं बोलत नाही."

राजा बसला. गोजाईनं हाक मारली. हिरोजी भोई आला, बिरू मेंढका आला.

"माझं काय चुकलं ते सांगा," राजा म्हणाला.

"मासे विणीला वर जायचे कसे?" हिरोजी म्हणाला. "भिंतीला शिडी लावून?"

"माझी वाट तळ्यात गेली," बिरू म्हणाला. "मेंढरांना पोहायला शिकवू का?"

"आणि तळ्यातलं पाणी वरची शेतंच पिऊन टाकतील," गोजाई म्हणाली. "पूर्वी शेवटच्या शेताला आधी मिळायचं. म्हणून वाटेतला पाट सगळे नीट राखायचे."

एवढ्यात टिटवी ओरडत आली. "काच हनुवटीला लागली!"

राजानं कांडी पुढे केली. "मला आखता येत नाही. तुम्ही आखा."

"महाराज!" शंखपाद किंचाळला. "राजाची कांडी या अडाण्यांच्या हाती?"

"तूही बस, शंखपादा."

तिघांनी आळीपाळीनं कांडी घेतली. वाळूत रेघ सरकली की वर भिंत सरकत होती. दोन पुरुष उंची कमी झाली. कडेला माशांसाठी खिंडार पडलं. मेंढरांची वाट पाण्यातून वर आली. हिरोजी आणि बिरू एका वळणावरून भांडले, ते पुसलं, पुन्हा आखलं. शेवटी गोजाईनं स्वतःच्या शेतापर्यंत पाट ओढला. तिघं एकमेकांकडे बघून म्हणाले, "असू दे असं."

काच वितळली. राणी ओलीचिंब होऊन बाहेर आली.

पाटाला पाणी सुटलं. राजा आणि राणी पाण्याच्या तोंडापुढचा पाचोळा काढत त्याच्याबरोबर चालले. वाटेतल्या एकाही शेतकऱ्यानं बांध फोडला नाही. दिवस मावळताना पाणी शेवटच्या शेतात शिरलं. गोजाई बांधावर उभी राहून सरीमागून सरी भरताना बघत राहिली. शेवटची सरी भरली तशी तिनं फावड्यानं माती ओढून आपल्या शेताचं दार बंद केलं.

"माझं झालं," ती राजाला म्हणाली. "आता वरच्या शेताला दे."